धुळाप्पाचा उनाचा बंब

मन्नाएखेळ्ळीत धुळाप्पाचं नाव निघालं, की जुनी माणसं आधी हसायची आणि मग थंडी वाजल्यासारखे खांदे आवळायची. हसायचं कारण पुढं येईलच. खांदे आवळायचं कारण असं, की या गड्यानं तीन हिवाळे भल्या सकाळी विहिरीचं गार पाणी डोक्यावर ओतून घेतलं. नवस नव्हता, व्रत नव्हतं, वैद्यानं सांगितलेलंही नव्हतं. वीरण्णावर सूड उगवायचा होता आणि तोवर राग थंड पडू द्यायचा नव्हता, म्हणून पाणी थंड. हिशेब सरळ होता.

वीरण्णा म्हणजे हमामवाला. हैदराबादेकडं जाणाऱ्या सडकेला लागून त्याचा हमाम होता. आत तीन न्हाण्या, मधोमध तांब्याचा भलामोठा हंडा, त्याखाली बाभळीचे ओंडके. लॉरीवाले, व्यापारी, बाजाराला आलेली खेड्यापाड्याची माणसं, सगळ्यांचं अंग तिथंच ओलं व्हायचं. निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षं झाली होती. कचेरीवरचा झेंडा बदलला, शिक्का बदलायला लागला, पण वीरण्णाच्या धुराड्याचा धूर होता तसाच वर जात होता आणि वीरण्णाचं नाकही त्याच्या बरोबरीनं.

धुळाप्पा धनगर. पन्नासेक मेंढरं, सडकेपलीकडं माळावर वाडगं, लोकर कातरायची, बायको बाणूबाई सूत काढायची, कांबळी विणायची. घरात बाप इरप्पा, सांधे धरलेला म्हातारा. त्या पौषात म्हाताऱ्याचे गुडघे इतके आखडले, की दोघांनी उचलून बसवावं लागायचं. वैद्यानं सांगितलं, ऊन पाण्यानं शेका, कढत कढत ओता. घरात पाणी तापवायचं तर सरपण कुठलं? होतं ते भाकरीलाच पुरत नव्हतं. तेव्हा बाजारच्या दिवशी धुळाप्पानं बापाला पाठीवर घेतलं आणि हमामाच्या दारात नेऊन उतरवलं.

वीरण्णा दारातच चौरंगावर बसलेला. त्यानं दोघांना खालून वरपर्यंत बघितलं. म्हाताऱ्याच्या कांबळ्याला लोकरीचे पुंजके चिकटलेले.

आता एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं तिच्यावर फिरतं. आपल्या भागात माणूस तीन भाषांत बोलतो आणि चौथीत शिव्या देतो. मराठीत ऊन म्हणजे सूर्याचं ऊन, आणि ऊन पाणी म्हणजे तापलेलं पाणी. पण लॉरीवाल्यांच्या दखनीत ऊन म्हणजे लोकर. वीरण्णाचा सगळा दिवस लॉरीवाल्यांत जायचा, त्यामुळं त्याच्या कानात दखनी मराठीच्या आधी शिरायची.

"काय रे, ऊनवाल्या," वीरण्णा म्हणाला, "अंगावरची ऊन धुवायला माझं ऊन पाणी पायजे व्हय तुला? हंड्यात मेंढरं बुडवल्यागत वास येईल. जा, बापाला घेऊन उनात जाऊन बस. फुकटचं हाय."

भोवतीची माणसं हसली. ते धुळाप्पाला समजण्यासारखं होतं, माणसं हसतातच. पण इरप्पाही हसला. हात जोडून, बोळकं उघडं टाकून, "खरं हाय मालक, खरं हाय," म्हणत हसला. ते मात्र धुळाप्पाच्या काळजात कातरीसारखं गेलं.

परत येताना बाप पाठीवर होता, म्हणून त्याला पोराचं तोंड दिसलं नाही. वाडग्यापाशी उतरवल्यावर धुळाप्पा बाणूबाईला म्हणाला, "ह्या वीरण्णानं आपल्या तोंडानं माज्याकडं ऊन पाणी मागितलं पायजे. तोवर मी अंगावर ऊन पाण्याचा थेंब घेणार न्हाई."

"आजवर कुठं घेत होताव?" बाणूबाई म्हणाली. "सणाला एकदा."

"तेबी घेणार न्हाई."

आणि म्हातारा? म्हाताऱ्यानं वीरण्णाचा टोमणा औषध म्हणून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी वाडग्याच्या भिंतीशी असलेल्या एका दगडावर उन्हात जाऊन बसायला लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "वीरण्णा मालकानं सांगितलंय. लई आराम पडतो बघा." तो हे सांगायला लागला, की धुळाप्पा दात आवळून मेंढरांकडं निघून जायचा.

दोन वर्षं सूड नुसता पोटात होता. त्याला हातपाय फुटले ते गुरुलिंगच्या खोपटात.

गुरुलिंग म्हणजे डाग देणारा. फुटके तांबे, गळक्या घागरी, स्टोव्ह, कंदील, काहीही आणा, त्याच्या कथलाचा डाग बसला की काम झालं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत सडकेला मोडून पडलेल्या लॉऱ्यांचं सामान त्यानं मागच्या आवारात ओढून ठेवलेलं. माणूस गुणी, पण बोलताना तोंडात कथलाची काडी धरायचा, त्यामुळं त्याचं निम्मं बोलणं अंदाजानंच समजून घ्यावं लागायचं. एकदा एका बाईनं विचारलं, स्टोव्ह कधी देतोस, तो म्हणाला बुधवारी, तिनं ऐकलं दुपारी, आणि ती तिथंच बसून राहिली. असो.

चैत्रात धुळाप्पा त्याच्याकडं कातरीला धार लावून घ्यायला गेला. आवारात एका लॉरीचं रेडिएटर उताणं पडलेलं होतं, काळंकुट्ट. गळती कुठं आहे ते बघायला गुरुलिंगनं त्यात पाणी भरून दोन्ही तोंडांना बुचं मारली होती. धुळाप्पानं टेकायला म्हणून त्यावर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला.

"चूल कुठं हाय हेच्याखाली?"

"चूल कशाला?" गुरुलिंगनं काडी काढली. "ऊन लागलंय त्येला. सकाळधरनं पडलंय."

धुळाप्पानं बूच काढलं. आतून जे पाणी आलं, त्यानं त्याची दोन बोटं पोळली. पोळलेली बोटं तोंडात घालून तो बराच वेळ त्या काळ्या पेटीकडं बघत राहिला. उनात जाऊन बस, असं वीरण्णा म्हणाला होता ना? म्हणजे वीरण्णानं शिवी दिली नव्हती. रस्ता सांगितला होता.

"गुरुलिंगण्णा, हे मला दे. तुला जाडजूड कांबळं देतो."

"काय करणार?"

"उनात बसवतो."

पहिला प्रयत्न फसला, आणि असा फसला की बाणूबाई आठवडाभर हसत होती. धुळाप्पानं रेडिएटर उन्हात तिरकं टेकवलं, खाली सपाटीला एक डबा ठेवला आणि दोन्ही रबरी नळ्यांनी जोडले. संध्याकाळी बघतो तर रेडिएटरातलं पाणी कढत आणि डब्यातलं विहिरीसारखं गार.

"दोघांत भांडण हाय वाटतं," बाणूबाई म्हणाली. "आपल्यावाणी."

खाजामियाँ नावाचा लॉरीवाला गुरुलिंगकडं यायचा. त्याला धुळाप्पानं विचारलं. तो हसायलाच लागला. "अरे मियाँ, गरम पानी ऊपर भागता, ठंडा नीचे आता. मेरी गाडी में पंप नक्को, कुच नक्को, अपने आप फिरता. तुम डब्बा ऊपर रखो ना, डब्बा."

धुळाप्पानं डोक्याला हात लावला. रोज दुधावरची साय वर बघतो आपण, आणि एवढं सुचू नये.

मग डबा वर गेला. डब्याच्या बुडातून एक नळी खाली रेडिएटरच्या खालच्या तोंडाला, रेडिएटरच्या वरच्या तोंडातून दुसरी नळी डब्याच्या गळ्यापाशी. गार पाणी आपोआप खाली उतरायला लागलं, तापलेलं आपोआप वर चढायला लागलं. धुळाप्पा एक हात या नळीवर आणि एक त्या नळीवर ठेवून बसून राहायचा, बैलाची नाडी बघावी तसा. वारा लागून रेडिएटर निवतं हे ध्यानात आल्यावर त्यानं त्याला लाकडी पेटीत घातलं, तळाशी भुस्सा भरला, आतून डांबर फासलं आणि वरून लॉरीची काच बसवली. काच म्हणजे ऊन आत येऊ देणारी आणि वाऱ्याला दारातूनच परत पाठवणारी. एकाची चार रेडिएटरं झाली. दर रेडिएटरमागं गुरुलिंगच्या घरी एक कांबळं गेलं. डब्याच्या जागी तेलाचं मोठं पीप आलं, दगडी ओट्यावर उंच चढवलेलं, खाली तोटी.

एक अडचण तरी राहिलीच. पाणी तापायचं दुपारी आणि माणसं आंघोळ करणार सकाळी. रातोरात पीप निवून जायचं. धुळाप्पा त्या पिपाभोवती घिरट्या घालायचा. शेवटी बाणूबाई कातरणीच्या ढिगाशी बसल्या बसल्या म्हणाली, "माघाच्या थंडीत मेंढरू उघड्यावर निजतंय. त्येला वाजती का?"

बस्स. पिपाला वीतभर जाड लोकर गुंडाळली, वर दोन कांबळी आवळून बांधली, झाकणालाही टोपरं घातलं. सकाळी तोटी सोडली तर वाफ आली. पहिली बादली इरप्पाच्या गुडघ्यावर पडली. म्हातारा डोळे मिटून म्हणाला, "हमामातलं आणलंस व्हय?"  धुळाप्पानं स्वतः मात्र विहिरीवर जाऊन दोन घागरी गार पाणी अंगावर घेतलं, कारण अजून कुणी काही मागितलेलं नव्हतं.

मग त्यानं खेळी मांडली. बाजारच्या दिवशी सकाळी सडकेच्या कडेला, हमामाच्या बरोबर समोर, तो उभा राहायचा. वीरण्णा ज्याला दारातून परत फिरवी, त्याला हाक मारायचा. "या पावणं. ऊन पाणी हाय. फुकटचं हाय." तोच शब्द, त्याच सुरात, वीरण्णाला ऐकू जाईल असा. आधी कैकाडी आले, गवंडी आले, कातडी कमावणारे आले. मग ज्यांना वीरण्णा आत घेत होता, तेही यायला लागले. खाजामियाँ तर लॉरी थेट वाडग्यापाशीच उभी करायचा. लोकांनी नाव पाडलं, धुळाप्पाचा उनाचा बंब.

हमामाच्या न्हाण्या ओस पडायला लागल्या. वीरण्णा चौरंगावर बसून समोरची वाफ बघायचा. धूर नाही, जाळ नाही, ओंडका नाही. काही तरी घालत असणार हा त्यात. शेवटी त्यानं खाजामियाँला गाठलं.

खाजामियाँ आंघोळ करता करता म्हणाला, "धुळाप्पा, वो वीरण्णा मालिक पूछ रा. क्या डालते इसमें?"

"सांग त्येला," धुळाप्पा म्हणाला. "ऊन."

"बस ऊन?"

"नुसतं ऊन. दुसरं काय बी न्हाई."

यात कपट नव्हतं. त्यानं आकाशाकडं हातही केला होता, पण खाजामियाँच्या डोळ्यांत तेव्हा साबण गेलेला होता.

दोन दिवसांनी वीरण्णाचा गडी वाडग्यावर आला. म्हणाला, मालकाला ऊन पाहिजे, असेल नसेल तेवढी सगळी. गुरुलिंग तिथंच बसलेला. त्यानं धुळाप्पाकडं बघितलं, धुळाप्पानं त्याच्याकडं. गडी ओझी बांधायला आत गेला तेव्हा गुरुलिंगनं तोंडातली काडी काढली.

"आरं, त्यो लोकर समजलाय. सांगून टाक."

"कामून?"

"बिदरवरनं मिस्त्री आणलाय म्हनं त्यानं. रेडिएटरं, पीप, काचा, समदं आणलंय. हंडा मोडीत घातला. संक्रांतीला कचेरीतल्या पेशकारसाहेबाला बोलवलंय पहिल्या आंघोळीला."

"व्हय?" धुळाप्पाचे डोळे असे काही लुकलुकले, की गुरुलिंगनं काडी परत तोंडात घातली. गडी ओझं घेऊन निघाला तेव्हा धुळाप्पानं आणखी एक गठ्ठा स्वतः उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. "मालकाला सांग, पातळ नको. भरपूर गुंडाळा. कुठं फट ठेवू नका."

सांगायला हवं, की मिस्त्रीनं काम चोख केलं होतं. पेटी तिरकी, दक्षिणेकडं तोंड, पीप उंच, नळ्या जिथल्या तिथं. पण तो काम संपवून बिदरला गेला, आणि मग वीरण्णानं स्वतःचं डोकं चालवलं. कांबळं पांघरलं की माणसाला ऊब येते, म्हणजे ऊब कांबळ्यात असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. धुळाप्पानं नुसतं पीपच गुंडाळलं होतं; वीरण्णा म्हणाला, गरीब माणूस, त्याला पुरली नसेल. त्यानं पीप गुंडाळलं, नळ्या गुंडाळल्या, आणि पेट्यांवर, काचांवर चार बोटं जाड लोकर अंथरून वरून कांबळी खिळ्यांनी ठोकून टाकली. सूर्याला आत डोकवायला सुईएवढी जागा ठेवली नाही.

संक्रांतीची सकाळ. आदल्या रात्री असं हीव पडलं होतं, की पाणवठ्यावर पाय ठेववत नव्हता. पेशकारसाहेब अंगाला तीळ आणि तेल चोळून न्हाणीत बसले. दारात माणसांची ही गर्दी. वीरण्णानं नवी धोतरजोडी नेसलेली. त्यानं आपल्या हातानं बादली भरली आणि बोट न बुडवता, डौलानं, साहेबांच्या पाठीवर ओतली.

 साहेबांच्या तोंडात आधी नुसती हवा गेली, आणि ती बाहेर यायला बराच वेळ लागला. मग ते शांतपणे म्हणाले, "वीरण्णा, हे काय आहे?"

"सुरवातीचं असंल साहेब, नळीतलं." वीरण्णानं पीप किती तापलंय ते दाखवायला स्वतःचं डोकं तोटीखाली धरलं आणि तोटी पूर्ण सोडली. नवी धोतरजोडी, भस्माचे पट्टे, सगळं एका दमात ओलं झालं. दात असे वाजायला लागले, की मागं कुणी तरी म्हणालं, मालकानं हलगी लावली वाटतं.

पेशकारसाहेब ओल्या पंच्यानिशी सडक ओलांडून धुळाप्पाच्या वाडग्यावर आले. सण असल्यानं तिथं पहाटेपासून झुंबड होती. पिपात शेवटच्या दोन बादल्या उरल्या होत्या. त्या साहेबांना मिळाल्या. साहेबांच्या अंगातून वाफ निघायला लागली तेव्हा धुळाप्पानं पीप गार पाण्यानं परत भरलं, काचेवरची धूळ पुसली, आणि सडकेकडं तोंड करून उभा राहिला. तीन वर्षं तो ज्या क्षणासाठी उभा होता, तो कुडकुडत सडक ओलांडत होता.

"धुळाप्पा," वीरण्णा म्हणाला. ओठ निळे पडलेले. "पाणी दे."

"कसलं?"

"ऊ... ऊन."

"ऐकू आलं न्हाई मालक. इकडं गर्दी लई."

"ऊन पाणी दे, बाबा."

धुळाप्पानं बाणूबाईकडं बघितलं. तिनं ऐकलं होतं. गुरुलिंगनं ऐकलं होतं. सडकेवर उभ्या त्या सगळ्या माणसांनी ऐकलं होतं, आणि त्यांतली निम्मी तरी त्या दिवशी हमामाच्या दारात हसलेली होती.

"देतो की," तो म्हणाला. "पण आता भरलंय. तापाया दुपार होईल. तोवर उनात जाऊन बसा. फुकटचं हाय."

इरप्पा आपल्या दगडावर बसलाच होता. तो गडबडीनं एका बाजूला सरकला. "बसा मालक, बसा. तुमचंच औषध हाय. तीन वर्सं झाली, मी सोडलं न्हाई बघा."

हमामवाला वीरण्णा मेंढरांच्या वाडग्याशी, लोकरीच्या पुंजक्यांत, इरप्पाच्या मांडीला मांडी लावून बसला. एक कोकरू येऊन त्याच्या धोतराचा ओला काठ चघळायला लागलं. काठ सोडवून घेत वीरण्णानं विचारलं, "लोकर तर तुज्यापेक्षा तिप्पट घातली मी. मग?"

धुळाप्पानं बोट वर केलं. वीरण्णानं वर बघितलं, डोळे दिपले, शिंक आली, आणि शिंकेबरोबर उजेडही पडला.

"खोटं सांगितलंस तू."

"मी ऊन म्हणलो, तुम्ही ऊन ऐकलं. त्या दिशी तुम्ही ऊन म्हणलात, मीबी ऐकलं. माजं ऐकणं बरोबर निघालं, एवढंच."

बादली त्याला मिळाली, पण सूर्य माथ्यावर येऊन कलल्यावर, आणि आणखी दोनदा मागायला लावून. पुढं वीरण्णानं काचेवरची कांबळी उपटली, पाणीही तापलं, पण हमामाच्या दारात माणूस गेला, की कुणी तरी मागून विचारायचंच, मालक, ऊन कुठली आज? वर्षाच्या आत त्यानं हमाम बंद करून किराणा घातला.

राहता राहिली धुळाप्पाची आंघोळ. त्याच संध्याकाळी बाणूबाईनं न्हाणीत पाट मांडला, तीळ वाटून ठेवले, पिपातलं कढत पाणी काढलं. "या आता. फिटलं तुमचं."

धुळाप्पा ऐटीत बसला. पहिला तांब्या अंगावर पडला आणि तो पाटावरून हातभर उडाला.

"आगं, भाजलं की!"

"कोमट हाय. म्हाताऱ्यालाबी लागत न्हाई."

दुसरा तांब्या घेतला, अंगभर लाल चट्टे उठले. तिसरा काही त्यानं घेतला नाही. तीन हिवाळे विहिरीच्या पाण्यानं त्याच्या कातड्याला जी सवय लावली होती, ती मोडायला तयारच नव्हती. शेवटी तो तसाच ओला उठला, विहिरीवर गेला, दोन गार घागरी डोक्यावर ओतल्या, तेव्हा कुठं त्याला आंघोळ केल्यासारखं वाटलं.

मरेपर्यंत त्यानं गार पाण्यानंच आंघोळ केली. गावाला ऊन पाणी वाटायचं आणि आपण विहिरीवर जायचं. फक्त संक्रांतीला तो पिपातलं कढत पाणी एक तांब्या अंगावर घ्यायचा, अंग आवळून, हूं हूं करत. वीरण्णा तेव्हा सडकेपलीकडं किराण्याच्या गादीवर धडधाकट बसलेला असायचा. बाणूबाई विचारायची, सोसत नाही तर घेताव कशाला?

"वीरण्णाच्या नावानं करायलोय आंघोळ," धुळाप्पा म्हणायचा, सडकेपलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात.